स्किन घ्या, पण स्पिन नको

चाकण, म्हाळुंगे, भोसरीत कॉट बेसिसवर राहणाऱ्या पोरांनो, सेकंड शिफ्ट सुटल्यावर खोलीवर फ्री फायर मॅक्स किंवा बीजीएमआय खेळता ना? खेळा. आठ तास प्रेसवर उभं राहिल्यावर तेवढा विरंगुळा हवाच. आपलं पात्र झकपक दिसावं असं वाटण्यातही वेडेपणा नाही. दिवसभर सगळ्यांसारखाच युनिफॉर्म घालणाऱ्याला तर ते वाटणारच.

बोलायचंय ते किमतीबद्दल.

तुमच्या लाइनवर प्रत्येक पार्टला पत्रा लागतो, डाय झिजते, रिजेक्शन निघतं. स्किनचं, म्हणजे पात्राच्या पोशाखाचं, तसं नाही. कुणीतरी पात्र रेखाटतं, मग त्याचं मॉडेल बनतं, त्याला हालचाल दिली जाते. हे मेहनतीचं काम आहे आणि आपल्याकडेही होतं. 2024 मध्ये आलेला ‘इंडस’ पुण्याच्या सुपरगेमिंगचाच. पण एकदा स्किन तयार झाली, की पुढचे लाखो नग जवळपास फुकटात निघतात. म्हणजे किंमत खर्चावर नाही, तुमच्या मोहावर ठरते. 2006 मध्ये एका अमेरिकी कंपनीने खेळातल्या घोड्याचं चिलखत अडीच डॉलरला विकायला काढलं, तेव्हा लोकांनी तिची टर उडवली होती. आज कुणी हसत नाही.

शिवाय आता रुपये दिसतच नाहीत. आधी खेळातलं चलन म्हणून डायमंड किंवा यूसी घ्यायचे. ते हव्या त्या वस्तूला नेमके पुरत नाहीत; थोडे कमी पडतात नाहीतर थोडे उरतात, आणि उरलेले वाया जाऊ नयेत म्हणून आणखी घेतले जातात. त्यात स्पिन आणि क्रेट. तिथे पैसे मोजूनही काय मिळेल ते ठाऊक नसतं, आणि पगार बहुतेक तिथेच जातो. स्पिन अजिबात करू नका. जिची किंमत समोर लिहिलेली आहे तीच वस्तू घ्या, आणि आधी ती रुपयांत मांडून किती तासांच्या ओटीची होते ते बघा. ‘फक्त आज’ अशी पाटी दिसली तर उद्यापर्यंत थांबा. खोटी घाई उभी करणं ही केंद्राच्या 2023 च्या मार्गदर्शक सूचनांत नोंदवलेल्या 13 फसव्या क्लृप्त्यांपैकी एक आहे.

कायदा वाचवेल असं समजू नका. ऑगस्ट 2025 च्या कायद्याने पैसे लावून पैसे जिंकायचे ऑनलाइन खेळ बंद केले. स्किन त्यात बसत नाही, कारण तिथे पैसे जिंकायचेच नसतात, नुसते घालवायचे असतात.

आणि घेतलेली वस्तूही पुरती तुमची नसते. सप्टेंबर 2020 मध्ये पबजी मोबाइलवर बंदी आली आणि कपड्यालत्त्यांनी भरलेली खाती अडकली. पुढे तोच खेळ बीजीएमआय म्हणून आल्यावर ज्यांनी मुदतीत डेटा हलवला, त्यांनाच जुना माल मिळाला.

आणि घरात लहान मुलं हेच खेळत असतील, तर आईवडिलांनो, यूपीआयचा पिन त्यांना सांगू नका. प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला पडताळणी लावा. न विचारता पैसे गेलेच, तर मारझोड करण्याआधी परताव्याचा अर्ज करा. उशीर झाला की पैसे परत मिळणं अवघड होतं. ‘फुकट डायमंड’ देणाऱ्या लिंकवर किंवा गेमची आयडी विकत घेताना फसवणूक झाली, तर लाजत बसू नका. लगेच 1930 ला फोन लावा आणि व्यवहाराचा यूटीआर क्रमांक हाताशी ठेवा.