ड्रॉइंग बोर्डवरून आलेला नट

'द ग्रेट एस्केप' (१९६३) म्हटलं की सगळ्यांना स्टीव्ह मॅक्वीनची मोटारसायकल आठवते. तारेच्या कुंपणावरून घेतलेली ती उडी! हॉस्टेलवर कुणाच्याही रूममध्ये हा पिक्चर लागला की त्या सीनला शिट्ट्या ठरलेल्या. (ती उडी मॅक्वीनने मारलेलीच नाही, बड एकिन्स नावाच्या स्टंटमनने मारली आहे. हे सांगितलं की भांडणं होतात, म्हणून सहसा कुणी सांगत नाही.) माझं मत विचाराल तर त्या जवळजवळ तीन तासांच्या पिक्चरमधला सगळ्यात भारी क्षण फक्त दोन शब्दांचा आहे, आणि ते शब्द मॅक्वीनच्या तोंडी नाहीतच.

जर्मन युद्धकैद्यांच्या छावणीतून पळालेले दोन ब्रिटिश अधिकारी वेश बदलून बसमध्ये चढतायत. कागदपत्रं तपासून झाली, प्रश्न विचारून झाले. सुटलो, असं आपल्यालाही वाटतं. तेवढ्यात गेस्टापोचा माणूस सहज इंग्रजीत म्हणतो, "गुड लक." आणि मॅकडोनाल्ड वळून म्हणतो, "थँक यू." खलास! याच मॅकडोनाल्डने छावणीत बाकीच्यांची तयारी करून घेताना नेमका हाच सापळा लावून एकाला पकडलेलं असतं, झापलेलं असतं. मार्च १९४४ मध्ये त्या छावणीतून खरोखर ७६ जण निसटले होते आणि त्यातल्या ५० जणांना नाझींनी गोळ्या घातल्या. पिक्चरमध्ये त्या पन्नासांत मॅकडोनाल्ड असतो.

हा सीन फसणं अगदी सोपं होतं. एवढा हुशार माणूस असली बावळट चूक करेल कसा, असं कुणीही म्हणालं असतं. पण कुणी म्हणत नाही. कारण ते काम करणारा नट त्याआधीचे दोन तास इतका नीटनेटका, इतका वक्तशीर आणि मुख्य म्हणजे इतका सभ्य वागलेला असतो, की त्याच्या तोंडून "थँक यू" येणारच. तो बेसावधपणापायी सापडत नाही, चांगल्या सवयीपायी सापडतो. त्या नटाचं नाव गॉर्डन जॅक्सन. हॉस्टेलमधल्या दहा जणांना विचारा, दहाही जण म्हणतील, "कोण?"

म्हणूनच हा लेख.

जॅक्सन १९ डिसेंबर १९२३ ला ग्लासगोमध्ये जन्मला. पंधराव्या वर्षी शाळा सुटली आणि तो लागला कुठे, तर रोल्स-रॉइसमध्ये, ड्राफ्ट्समन म्हणून! आपल्यासाठी हे नाव म्हणजे श्रीमंतांची गाडी, पण दुसऱ्या महायुद्धात ग्लासगोजवळच्या हिलिंग्टनला याच कंपनीचा विमानाची मर्लिन इंजिनं बनवणारा प्रचंड कारखाना होता. त्या काळात ड्राफ्ट्समन म्हणजे टी-स्क्वेअर, पेन्सिल आणि दिवसभर वाकलेली मान. फर्स्ट इयरला ई.डी.च्या शीट्स ज्यांनी रात्र-रात्र जागून घातल्यात (आणि ज्यांनी काच आणि खालून बल्ब लावून छापल्यात, त्यांनीसुद्धा!) त्यांना त्या मानेची कल्पना असेल.

शाळेत असताना तो बीबीसीच्या रेडिओवर मुलांच्या कार्यक्रमात कामं करायचा. त्या ओळखीवर, ईलिंग स्टुडिओला एक तरुण स्कॉटिश सैनिक हवा होता तेव्हा त्याचं नाव पुढे आलं. पिक्चर होता 'द फोरमन वेंट टू फ्रान्स' (१९४२). त्याची गोष्ट ऐका. १९४० मध्ये जर्मन फौजा फ्रान्समध्ये घुसतायत आणि एक ब्रिटिश फोरमन आपल्या कारखान्याची महत्त्वाची मशिन्स शत्रूच्या हाती लागू नयेत म्हणून ती परत आणायला एकटा तिकडे जातो. मेलबर्न जॉन्स नावाच्या खऱ्या फोरमनने केलेल्या कामगिरीवर बेतलेली ही कथा आहे. म्हणजे पहिलाच पिक्चर मशिन्सवर, आणि काम करणारा कारखान्यातून आलेला पोरगा.

आता इथे मला भांडायचं आहे. आपल्याकडे दर सहा महिन्यांनी कुणीतरी पाहुणा स्टेजवर येऊन सांगतो, की मी इंजिनिअरिंगला लाथ मारली, मनाचं ऐकलं आणि आज बघा! टाळ्या पडतात. मग चार दिवस मेसमध्ये सगळ्यांचं एकच, "यार, आपण इथे काय करतोय?" जॅक्सनची गोष्टसुद्धा अशीच रंगवून सांगता येईल: ड्रॉइंग बोर्ड भिरकावला आणि कॅमेऱ्यासमोर गेला. पण तसं झालं नाही. पहिला पिक्चर झाल्यावर हा गडी परत गेला रोल्स-रॉइसमध्ये आणि पुन्हा ड्रॉइंगला बसला. पडद्यावर झळकून झाल्यावर, वय अठरा-एकोणीस! पुढे बोलावणी येत राहिली, एकामागून एक कामं मिळत गेली, तेव्हा कुठे त्याने अभिनय हाच धंदा करायचं ठरवलं. यात लाथ कुठेच नाही. मला ही गोष्ट त्या स्टेजवरच्या गोष्टीपेक्षा जास्त धीराची वाटते. ज्याच्या घरी एज्युकेशन लोनचा हप्ता चालू आहे त्याला लाथेची गोष्ट ऐकवणं हे मला तरी बेजबाबदारपणाचं वाटतं.

उलट बाजूही आहे, ती लपवत नाही. सुरुवातीच्या वर्षांत त्याला एकाच साच्यातली कामं मिळाली. साधाभोळा स्कॉटिश पोरगा हवा, बोलवा जॅक्सनला. 'मिलियन्स लाइक अस' (१९४३) मध्ये तो विमानदलातला लाजरा तरुण आहे. विमानाचे भाग बनवणाऱ्या कारखान्यातल्या मुलीशी लग्न करतो आणि मोहिमेवर मारला जातो. ते काम सुंदर आहे. पण तसलंच काम दहा वर्षं करायला लागलं तर? एखादा वैतागून गेला असता. 'फ्लडटाइड' (१९४९) मध्ये तर त्याला चक्क हिरो केलं होतं. शेतकऱ्याचा मुलगा क्लाइड नदीवरच्या शिपयार्डमध्ये जातो आणि जहाजांचा डिझायनर होतो, म्हणजे हिरो आणि तोही इंजिनिअर! आज तो पिक्चर फारसा कुणाला आठवत नाही. त्यातून जॅक्सनला मिळालं ते एवढंच, की त्यातली हिरॉइन रोना अँडरसन हिच्याशी १९५१ मध्ये त्याचं लग्न झालं आणि ते शेवटपर्यंत टिकलं. हिरोपणाचा एवढा उपयोग पुरे झाला म्हणायचा.

त्याच वर्षीचा 'व्हिस्की गॅलोर' मात्र लोक अजून बघतात. युद्धात व्हिस्की संपलेलं एक स्कॉटिश बेट, आणि किनाऱ्यापाशी हजारो पेट्या व्हिस्की घेऊन फुटलेलं जहाज. (असं जहाज १९४१ मध्ये एरिस्के बेटाजवळ खरंच फुटलं होतं.) जॅक्सन त्यात शाळामास्तर आहे. चांगला वाढलेला बाप्या, पण आईपुढे हूं की चूं करत नाही, आणि आईसुद्धा अशी, की पोराला खोलीत कोंडून घालेल. लग्न करायचंय हे तिला सांगायची हिंमत त्याला घोटभर पोटात गेल्यावर येते. हसून हसून पुरेवाट होते, पण त्या हसण्यात त्या मास्तरची कीव येत नाही. तो बावळट दिसतो पण हलका होत नाही, ही किमया जॅक्सनची.

उच्चारांबद्दल थोडं बोलायलाच हवं. त्या काळात ब्रिटिश रंगभूमीवर आणि पडद्यावर साहेबी, घोटीव इंग्रजी बोललं नाही तर मोठी कामं मिळणं अवघड होतं. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, तिथे आमचं इंग्रजी अगदी पॉलिश करून घेतलं जायचं, त्यामुळे 'साहेबी' म्हणजे काय हे मला नीट कळतं. आणि इथे आल्यावर प्रेझेंटेशनच्या वेळी गावाकडून आलेली हुशार मुलं उच्चारांच्या भीतीने गप्प बसलेली बघते, तेही कळतं. जॅक्सनने स्कॉटिश बोली सोडली नाही. सुरुवातीला तिनेच त्याला साच्यात अडकवलं आणि पुढे तिनेच उभं केलं, कारण त्या एकाच बोलीत तो सैनिक, मास्तर, बटलर, वकील, गुप्तहेरांचा साहेब, असं कुणीही होऊ शकला. बोली तीच, पण माणूस दर वेळी दुसरा.

माझ्या मते त्याचं खरं कौशल्य ऐकण्यात होतं. 'ट्यून्स ऑफ ग्लोरी' (१९६०) बघा. स्कॉटिश पलटणीतले दोन कर्नल, अलेक गिनेस आणि जॉन मिल्स, एकमेकांचा जीव खातायत. दोघंही तुफान. जॅक्सन मधला अ‍ॅडज्युटंट. त्याच्या वाट्याला भाषणं नाहीत. पण शेवटी गिनेस कोसळतो तेव्हा त्या प्रसंगाचं वजन आपल्याला कळतं ते ऐकणाऱ्या सहकाऱ्यांच्या चेहऱ्यांवरून, आणि त्यात जॅक्सन आहे. तिथे तो काही 'करत' नाही, हेच काम आहे. रंगभूमीवरही त्याला मान मिळाला तो होरेशिओसाठी. १९६९ च्या 'हॅम्लेट'मध्ये निकोल विल्यमसन हॅम्लेट होता आणि जॅक्सन त्याचा मित्र होरेशिओ. अख्ख्या नाटकात हॅम्लेट बोलतो आणि होरेशिओ ऐकतो. त्या ऐकण्याला क्लॅरेन्स डरवेंट पुरस्कार मिळाला!

गंमत म्हणजे त्याच वर्षी आलेल्या 'द प्राइम ऑफ मिस जीन ब्रॉडी'मध्ये तो एडिंबरातल्या शाळेत संगीत शिकवणारा मास्तर आहे. मिस ब्रॉडीवर, म्हणजे मॅगी स्मिथवर, त्याचं प्रेम, आणि ती त्याला टोलवत राहते. शेवटी तो केमिस्ट्रीच्या बाईंशी लग्न जमवतो. त्या केमिस्ट्रीच्या बाई म्हणजे त्याची खरी बायको रोना अँडरसन. ऑस्कर अर्थातच मॅगी स्मिथला. पण मिस ब्रॉडी किती मोहक आणि किती निष्ठुर आहे हे कळायला समोर दुखावणारा कुणीतरी लागतो ना? तो दुखावणारा चेहरा जॅक्सनने दिला.

गॅदरिंगच्या नाटकात ज्यांना चार वाक्यांचा रोल मिळतो आणि मग जे तालमीला यायचं बंद होतात, त्यांना मला हे दोन पिक्चर जबरदस्तीने दाखवायचे आहेत. प्रोजेक्ट ग्रुपमध्येही तेच. व्हायव्हाला पुढे उभं राहून बोलायचं सगळ्यांना असतं, रीडिंग्ज घ्यायला कुणी नसतं.

जॅक्सन घराघरात पोचला तो मात्र वयाच्या अठ्ठेचाळिशीत. 'अपस्टेअर्स, डाउनस्टेअर्स' (१९७१ ते १९७५) या मालिकेत लंडनमधल्या एका बड्या घराण्याचे मालक वरच्या मजल्यावर आणि नोकर खाली तळघरात. खालच्या राज्याचा राजा म्हणजे बटलर हडसन, जॅक्सनचा. आता हा हडसन मला मुळीच आवडत नाही. मालकांपेक्षा त्यालाच मालकांच्या प्रतिष्ठेची जास्त काळजी. कोण कुठे बसायचं, कोणी कुणाशी काय बोलायचं, सगळ्या पायऱ्या त्याला पाठ, आणि त्या मोडणाऱ्यावर त्याचा खरा राग. असली माणसं आपल्याला काय नवीन नाहीत, कुठल्याही ऑफिसच्या काउंटरमागे भेटतात! पण जॅक्सन त्याला खलनायक करत नाही, लाडका आजोबाही करत नाही. 'द बीस्टली हन' या भागात पहिल्या महायुद्धातल्या जर्मनद्वेषाच्या लाटेत हा शिस्तीचा, देवभीरू माणूस कसा वाहवत जातो ते दिसतं. याच भागासाठी त्याला १९७६ चं एमी मिळालं, सहायक अभिनेता म्हणून. पुरस्कारावरही शब्द 'सहायक'च! १९७९ मध्ये ओ.बी.ई. मिळाली.

बटलर म्हणून कायमचा शिक्का बसणार असं वाटत असताना त्याने 'द प्रोफेशनल्स' (१९७७ ते १९८३) घेतलं. त्यात तो गुप्त पोलिसांचा कडक साहेब जॉर्ज काउली आहे, हाताखाली दोन दांडगे तरुण, गाड्यांचे पाठलाग, गोळीबार. मालिका म्हणून ती काही फार थोर नाही. पण तो आला की त्या दोन दांडगटांची बडबड बंद होते आणि ते खरं वाटतं.

शेवटच्या कामांपैकी 'द शूटिंग पार्टी' (१९८५) चुकवू नका. पहिल्या महायुद्धाच्या आदल्या वर्षी जमीनदार लोक शिकारीला जमलेत आणि जॅक्सन आहे त्यांच्या रानात चोरून शिकार करणारा एक गावकरी. पैशासाठी तो त्या दिवशी हाकाऱ्यांत सामील होतो आणि एका लॉर्डाची गोळी चुकून त्याला लागते. हडसनने जन्मभर ज्या पायऱ्या सांभाळल्या, त्यांच्या अगदी तळाशी हा माणूस मातीत पडलाय आणि जेम्स मेसनचा म्हातारा जमीनदार त्याच्याजवळ बसलाय. तो सीन मी दोनदा पाहिला, तिसऱ्यांदा लावायचं धाडस झालं नाही.

जॅक्सन १५ जानेवारी १९९० ला लंडनमध्ये कॅन्सरने गेला, वय ६६. कुणाला बघायला सुरुवात करायची असेल तर 'व्हिस्की गॅलोर'पासून करा. दीड तासाच्या आत संपतो, सबमिशनच्या आदल्या रात्रीसुद्धा परवडतो.