तीन दिवसांचें व्हिएन्ना

म्यूनिक येथें यजमानांच्या नोकरीनिमित्त राहणाऱ्या एका वाचक-भगिनीचें पत्र आमच्यापुढें आहे. तिचे सासूसासरे नोव्हेंबरांत तिच्याकडे राहावयास जाणार आहेत. यजमानांस डिसेंबरांत जेमतेम चार दिवसांची रजा मिळेल; तेवढ्यांत सर्वांनीं मिळून ऑस्ट्रिया पाहून यावें असा घरांत बेत ठरला आहे. मामंजींनीं पुण्याहूनच एक यादी करून पाठविली असून तींत व्हिएन्ना, साल्झबर्ग आणि हालस्टाट हीं तीन गांवें व त्यांतील मिळून सतरा स्थळें आहेत. मुलाचें म्हणणें, नाताळपूर्वीच्या गर्दीत हें सर्व अशक्य. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यांनीं आपल्यापुरता निकाल लावून टाकला आहे कीं, "तुम्ही सर्व फिरून या, मी खोलीवर बसून राहीन." हा बेत बसवावा कसा, असें भगिनी विचारते. आम्ही प्रथम वेळेचा हिशेब पाहूं आणि मग सासूबाईंच्या वाक्याकडे वळूं.

म्यूनिकहून व्हिएन्नास जलद गाडीनें सुमारें चार तास लागतात. जाण्याचा व येण्याचा मिळून एक दिवस वजा करावा, म्हणजे हातीं तीन दिवस उरले. व्हिएन्नाहून साल्झबर्ग अडीच तासांवर आहे. हालस्टाटास जावयाचें तर वाटेंत गाडी बदलून तीन-साडेतीन तास लागतात. शिवाय तेथील स्टेशन सरोवराच्या एका तीरावर आणि गांव दुसऱ्या तीरावर, म्हणून शेवटीं होडींत बसावें लागतें. डिसेंबरांत त्या मुलखांत सूर्य सकाळीं साडेसातनंतर उगवतो व दुपारीं चारच्या सुमारास मावळतो. म्हणजे हालस्टाटास गेलेल्या मनुष्याचा बहुतेक उजेड आगगाडीच्या डब्यांतच सरावयाचा. साल्झबर्गाची गोष्ट निराळी. तें म्यूनिकहून दोन तासांच्या आंत आहे. एखाद्या रविवारीं सकाळीं निघून रात्रीं घरीं परत येतां येतें. तेव्हां या चार दिवसांत एकच गांव पाहावें, आणि तें व्हिएन्ना असावें, असें आमचें मत आहे.

आतां दिवस कोणते निवडावे? नाताळापूर्वीच्या चार रविवारांचा काळ तिकडे 'आड्व्हेंट' म्हणून पाळतात. त्या काळांत व्हिएन्नांतील चौकाचौकांत बाजार भरतात आणि ते पाहण्यास सर्व युरोपांतून माणसें येतात. त्यांतही ८ डिसेंबर हा मेरीच्या उत्सवाचा दिवस ऑस्ट्रियांत व शेजारच्या इटलींतही सार्वजनिक सुट्टीचा असतो. त्याला लागून शनिवार-रविवार आले कीं गर्दीस पूर येतो. म्हणून ८ तारखेच्या आसपासचे दिवस टाळावे आणि रजा मंगळवार ते शुक्रवार अशी घ्यावी. २४ तारखेसही जाऊं नये. त्या दिवशीं दुपारनंतर दुकानें मिटतात, २५ व २६ या दोन्ही दिवशीं सुट्टी असते, आणि शाकाहारी मनुष्याची जेवणाची पंचाईत होते.

पूर्वतयारींत जी वस्तु सर्वांत आधीं संपते ती सर्वांत आधीं घ्यावी, एवढें एक सूत्र पाळलें म्हणजे पुष्कळ त्रास वांचतो. या दिवसांत प्रथम संपतात त्या हॉटेलांतील खोल्या. म्हणून तारीख ठरतांच खोली धरावी, आणि बेत फिरल्यास पैसे परत मिळतील अशीच धरावी. मग आगगाडी. स्वस्त तिकिटें बहुधा एका ठराविक गाडीपुरतींच चालतात, आणि तिकीट म्हणजे बसावयास जागा असें नव्हे; जागा स्वतंत्र राखून ठेवावी लागते. वृद्ध बरोबर असतांना त्या थोड्या पैशांचा लोभ धरूं नये. राजवाड्याचें तिकीट वेळ नेमून मिळतें, तें तिसरें. बाकीचें तेथें गेल्यावर पाहतां येईल.

खोली धरतांना लिफ्टची चौकशी अवश्य करावी. व्हिएन्नांतील जुन्या इमारतींत तळमजल्यावर 'मेझानिन' नांवाचा एक मजला असतो, क्वचित् त्याच्याही खालीं 'होखपार्टेर' असतो, आणि पहिला मजला त्यानंतर मोजतात. कागदावर दुसरा मजला वाचून समाधान मानणाऱ्यास प्रत्यक्षांत चार जिने चढावे लागतात. भुयारी रेल्वेचें स्टेशन पांच मिनिटांच्या चालीवर असेल तर गांवाच्या मध्यभागींच राहण्याचें कारण नाहीं.

सासूसासऱ्यांनीं जर्मनीसाठीं शेंगेन पद्धतीचा परवाना घेतला असेल तर ऑस्ट्रियासाठीं निराळा लागत नाहीं. अर्ज प्रवासापूर्वीं सहा महिन्यांपर्यंत करतां येतो. किमान पंधरा दिवस आधीं तरी तो द्यावाच लागतो, पण इतकें थांबणें शहाणपणाचें नाहीं. प्रवासांतील आजारपणाचा निदान ३०,००० युरोंचा विमा त्यासाठीं आवश्यक असतो. पारपत्रें म्यूनिकच्या घरीं ठेवून निघूं नये. २०१५ पासून जर्मनी ऑस्ट्रियाकडून येणाऱ्यांची सरहद्दीवर तपासणी करीत आली आहे.

आतां दिनक्रम. आमचा नियम असा कीं, दिवसांत दोनच गोष्टी नेमाव्या, एक दुपारपूर्वीं व एक दुपारनंतर, आणि मधले दोन तास रिकामे ठेवावे. पहिल्या दिवशीं दुपारीं पोंचून विश्रांति घ्यावी व सायंकाळीं नगरभवनासमोरचा, म्हणजे राटहाउसप्लाट्झवरचा, बाजार पाहावा. तेथें गरम पेयें मातीच्या पेल्यांतून मिळतात; पेल्याची अनामत घेतात व पेला परत केला कीं ती परत देतात. 'पुन्श' नांवाच्या पेयांत बहुधा मद्य असतें. मद्यविरहित हवें असल्यास 'किंडरपुन्श' म्हणून मागावें. निखाऱ्यावर भाजलेले चेस्टनट कागदाच्या पुडींतून विकतात, ते आपल्या लोकांस निःशंक खातां येतात.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं शोनब्रुनचा राजवाडा. भुयारी रेल्वेनें थेट जातां येतें. त्यांत १,४४१ खोल्या आहेत, पण पाहुण्यांस त्यांतील थोड्याच दाखवितात, याचें दुःख मानूं नये. मारिया थेरेसा राणीपुढें सहा वर्षांच्या मोझार्टनें १७६२ सालीं वादन केलें तें येथेंच. नातवास हें तेथें उभें करून सांगावें. मागील टेकडीवर तरुणांनीं जावें. दुपारनंतर एखाद्या कॉफीगृहांत बसावें. व्हिएन्नांतील कॉफीगृह म्हणजे आपल्याकडील उपाहारगृह नव्हे. एका पेल्यावर दोन तास वर्तमानपत्र वाचीत बसलें तरी कोणी उठवीत नाहीं, आणि कॉफीबरोबर पाण्याचा पेला न मागतां येतो. तें पाणी आल्प्स पर्वतांतील झऱ्यांचें असून त्याचा पहिला नळमार्ग १८७३ सालीं सुरू झाला. नामांकित कॉफीगृहांपुढें रांगा असतात. बाजूच्या गल्लींतलें बिननांवाचें गृह पाहावें.

तिसऱ्या दिवशीं सेंट स्टीफनचें मोठें देवालय. दक्षिण मनोऱ्यास ३४३ पायऱ्या आहेत. त्या नातवानें व त्याच्या वडिलांनीं चढाव्या. उत्तर मनोऱ्यास लिफ्ट आहे आणि तेथेंच 'पुमेरिन' ही वीस टनांहून जड घंटा टांगली आहे. मूळची घंटा तुर्कांच्या तोफांच्या धातूची होती. ती १९४५ च्या आगींत फुटली, व हल्लींची १९५१ सालीं ओतली. आजीआजोबांनीं लिफ्टनें ती पाहावी. दुपारनंतर कुन्स्टहिस्टोरिशेस म्युझियम. तेथील सर्व दालनें पाहण्याचा हट्ट धरूं नये. ब्रॉयगेल या चित्रकाराचीं चित्रें ज्या दालनांत आहेत तेथें जावें व १५६५ सालचें 'हिमांतील शिकारी' हें चित्र बसून पाहावें. थकलेले शिकारी, मान खालीं घातलेले कुत्रे आणि दूर खालीं गोठलेल्या तळ्यावर खेळणारीं माणसें हें सर्व बाहेरच्या थंडींतून आलेल्या मनुष्यास शब्दांवांचून समजतें.

चवथ्या दिवशीं परतीच्या गाडीपूर्वीं रिंगमार्गावरून ट्रॅमनें फिरावें. गुडघ्यांस श्रम न देतां अर्धें व्हिएन्ना कांचेंतून दिसतें. त्या मार्गावर १८८४ सालीं उघडलेली विद्यापीठाची इमारत लागते. ज्यांनीं आमच्याप्रमाणें संस्कृतांत वय घालविलें त्यांनीं तेथें क्षणभर डॉ. ब्यूलर यांचें स्मरण करावें. १८६३ पासून मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजांत त्यांनीं शिकविलें, डॉ. कीलहॉर्न यांच्याबरोबर मुंबई संस्कृत ग्रंथमालेचा पाया घातला, आणि १८८१ सालीं याच विद्यापीठांत ते संस्कृताचे अध्यापक झाले. मामंजींच्या यादींत हें स्थळ नसावें, पण त्यांस तें आवडेल.

भोजनाविषयीं एकच सूचना. तिकडील भाज्यांचें सारही बहुधा मांसाच्या रश्शावर केलेलें असतें, व गोड पदार्थांत अंडें असतें. 'वेगेटारिश' हा शब्द सांगून शिवाय सार कशाचें आहे हें विचारावें. बटाटे, चीज घातलेले पीठाचे पदार्थ व सफरचंदाचा श्ट्रूडेल मिळतो; तरीही दशम्या व चटणी बरोबर घेण्यांत कमीपणा नाहीं.

आतां सासूबाईंचें वाक्य. सर्वांच्या मागून जेवावयास बसणाऱ्या आपल्या घरांतील वडील स्त्रियांच्या तोंडून हें वाक्य आम्ही आयुष्यभर ऐकत आलों. त्यांत त्याग आहे हें खरें, पण भीतीही आहे. आपल्या पायांमुळें चौघांचा खोळंबा होईल, मुलगा घड्याळ पाहील, नातू कंटाळेल, ही ती भीति. सतरा स्थळांची यादी पुढें ठेवून "येतां का?" असें विचारल्यावर त्या दुसरें काय सांगणार? त्यांस "येतां का?" असें विचारूंच नये. "या शहरांतील कोणती एक गोष्ट तुम्हांस पाहावयाची आहे?" असें विचारावें, आणि त्या जी सांगतील ती यादींत प्रथम लिहावी. कदाचित् ती घंटा असेल, कदाचित् नुसता बाजारांतील दिव्यांचा झगमगाट असेल. त्यांच्या चालीनें दिवस मोजावा. ज्यांस धांवावयाचें त्यांनीं मधल्या रिकाम्या दोन तासांत धांवून यावें. तोंवर आजी कॉफीगृहांत उबेंत बसतील, आणि जवळ कोणीतरी एक बसेल, आळीपाळीनें.

मामंजींच्या यादीचीही थट्टा होऊं नये. जो मनुष्य घरीं बसून तीन गांवांचीं सतरा स्थळें टिपतो, त्यानें तीं कित्येक वर्षें पुस्तकांत पाहिलेलीं असतात, आणि पुन्हां येणें होईल कीं नाहीं याची शंका त्याच्या मनांत असते. ही यादी सुनेनें कापणें बरें दिसत नाहीं. तें काम मुलाचें. त्यानें गाड्यांच्या वेळा व सूर्यास्ताची वेळ वडिलांपुढें ठेवावी आणि व्हिएन्नांतील स्थळांवर खुणा त्यांच्याच हातानें करवून घ्याव्या. साल्झबर्ग पुढील रविवारासाठीं राखून ठेवलें आहे हेंही त्याच वेळीं सांगावें, आणि तो रविवार पाळावा.

आमच्या भगिनीस एवढेंच सांगणें कीं, खोली आजच धरावी आणि सासूबाईंस तो प्रश्न त्या विमानांत बसण्यापूर्वींच विचारावा. म्हणजे उत्तर शोधण्यास त्यांस अवधि मिळेल, आणि गुडघ्यांच्या व्यायामासही.