रेडिओला मूठमाती देणाऱ्यांस

रेडिओ आता संपला, असे सांगणारे शहाणे आमच्या कळसच्या पारावरही बसू लागले आहेत. हाती मोबाइल आला की रेडिओला मूठमाती द्यायला हे मोकळे! त्यांना माझा एकच सवाल आहे : रेडिओ आपल्या मरणाने कधी मेला, ते दाखवा.

मुंबईचे केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. चालवणारी कंपनी १९३० साली बुडाली आणि सरकारने कारभार हाती घेतला. पुढच्याच वर्षी खर्चाचे कारण काढून सारे बंद करायचे ठरले. लोकांनी ओरड केली, हुकूम फिरला. २०२३ साली पुणे केंद्राचा वृत्तविभाग छत्रपती संभाजीनगरला हलवण्याचा घाट घातला गेला. पुन्हा ओरड झाली, पुन्हा स्थगिती मिळाली. नागपूरच्या प्रक्षेपकावरून १९८८ पासून रात्रभर सोबत करणारी राष्ट्रीय वाहिनी मात्र २०१८ च्या अखेरीस काटकसरीच्या नावाखाली बंद करण्यात आली. यातले एकही मरण नैसर्गिक नव्हते, वाचकहो!

‘श्रोतेच उरले नाहीत’, हे दुसरे रडगाणे. श्रोते आपोआप उगवत नसतात, ते घडवावे लागतात. १९५६ साली पुणे केंद्राने युनेस्कोच्या साह्याने पाच जिल्ह्यांतल्या दीडशे गावांत शेतकऱ्यांची श्रोतृमंडळे बसवली. कार्यक्रम ऐकायचा, त्यावर बोलायचे, शंका केंद्राला कळवायच्या आणि केंद्राने त्यांची उत्तरे द्यायची. आज शेतकऱ्याला इतक्या अदबीने विचारतो कोण?

बारामतीत वसुंधरा वाहिनी आणि शारदा कृषी वाहिनी निघाल्या, त्यांचे मला कौतुकच आहे. पण सामुदायिक रेडिओला ताकद दिली ती पन्नास वॅटची. दहा-पंधरा किलोमीटरांत आवाज विरतो, कळस त्यापलीकडे. शिवाय त्यांना स्वतःच्या बातम्या द्यायला बंदी! आकाशवाणीच्या बातम्या तेवढ्या जशाच्या तशा लावाव्यात, म्हणे. २०२१ साली उजनीच्या पाच टीएमसी पाण्यावरून इंदापूर आणि सोलापूर यांच्यात जुंपली. तंटा आमच्या बांधावरचा. पण त्याची बातमी सांगण्याचा मक्ता सरकारी केंद्राचा. मग ते पुण्याचे केंद्र आम्ही जिवापाड जपू नये तर काय करावे?

मोबाइलवर काय वाटेल ते ऐका. पण तिथली बातमी खोटी निघाली तर दाद कुणाच्या दारात मागणार? आकाशवाणीला दार आहे, पत्ता आहे, जाब देणारा माणूस आहे.

तेव्हा गावोगावच्या वाहिन्यांना बातमीची मोकळीक द्या, त्यांची ताकद वाढवा आणि पुण्याच्या वृत्तविभागाला हात लावू नका. सरकार ऐकत नसेल तर पुन्हा ओरडावे लागेल. ओरड केली की हुकूम फिरतात, हे आपण दोनदा पाहिले आहे.