मरताना म्हातारी एक शब्द बोलली

हेनिंग मँकेलची 'फेसलेस किलर्स' परवा दुसऱ्यांदा वाचून संपवली. पहिल्यांदा वाचली तेव्हा खुनी कोण, एवढंच बघत होतो. या वेळी भलत्याच ठिकाणी अडकलो आणि त्यावरून एका मित्राशी चांगलीच जुंपली. म्हणून ही लांबलचक पोस्ट. शेवट फोडणार आहे. ज्यांना कादंबरी वाचायची आहे त्यांनी इथेच थांबा, नंतर शिव्या घालू नका.

गोष्ट अशी. जानेवारी १९९०. स्वीडनच्या दक्षिण टोकाला स्कोने नावाचा शेतीचा प्रांत आहे. तिथल्या लुन्नार्प या खेड्यात एक म्हातारा शेतकरी आणि त्याची बायको यांच्यावर रात्री घरात घुसून हल्ला होतो. म्हातारा जागीच मेलेला, म्हातारीच्या गळ्यात फास, त्याची गाठ विचित्र. ती दवाखान्यात काही काळ जगते आणि मरण्यापूर्वी एकच शब्द बोलते. परदेशी.

बस, एवढंच. परदेशी कोण? माणसं? भाषा? की ती बिचारी ग्लानीत काहीतरी वेगळंच सांगत होती? इस्टाड शहराच्या पोलीस ठाण्यातला कुर्ट वालांडर हा तपास करतोय. ही बातमी बाहेर जाता कामा नये, हे त्याला पहिल्या मिनिटाला कळतं. कारण आसपास निर्वासितांच्या छावण्या आहेत आणि लोकांची डोकी आधीच तापलेली आहेत. तरीही बातमी फुटते. पुढे धमकीचे फोन येतात, छावणीला आग लागते आणि रस्त्याने चाललेल्या एका सोमाली निर्वासिताला गोळी घालून मारलं जातं. त्याचा लुन्नार्पशी काडीचा संबंध नव्हता. त्याला मारणाऱ्यांत एक तर माजी पोलीस निघतो.

हे मँकेलने हवेतून आणलेलं नाही. इस्टाडच्या उत्तरेला लागूनच शब्यो नावाची नगरपालिका आहे. तिथे सप्टेंबर १९८८ मध्ये चक्क सार्वमत घेतलं गेलं. प्रश्न होता, आपण निर्वासित घ्यायचे का? सुमारे दोन-तृतीयांश लोकांनी नाही म्हणून सांगितलं. मँकेल तेव्हा बराच काळ आफ्रिकेत असायचा, मोझांबिकच्या मापुतो शहरात नाटक कंपनी चालवायचा. तिथून परत आल्यावर त्याला आपला देश ओळखीचा वाटेना. वंशद्वेषावर लिहायचं होतं आणि वंशद्वेष हा त्याच्या लेखी गुन्हाच होता, म्हणून त्याने गुन्ह्याची कादंबरी निवडली. नायकाचं आडनाव त्याने टेलिफोन डिरेक्टरीतून उचललं, असं तो सांगायचा.

पुस्तक १९९१ मध्ये आलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये स्टॉकहोममध्ये एक माणूस बंदूक घेऊन बाहेर पडला आणि काळ्या केसांच्या, सावळ्या कातडीच्या लोकांना गोळ्या घालू लागला. सुरुवातीला त्याच्या बंदुकीला लेझर होता, म्हणून पेपरवाल्यांनी त्याला 'लेझरमॅन' केलं. अकरा जणांना गोळ्या लागल्या, त्यात एक इराणी विद्यार्थी मेला. त्याच सप्टेंबरच्या निवडणुकीत निर्वासितांविरुद्ध बोलणारा एक नवाकोरा पक्ष संसदेत पोचला. कादंबरी छापून होतेय तोवर बाहेर रस्त्यावर तीच गोष्ट चालू झाली होती.

आपल्याकडे अशा पुस्तकांना 'नॉर्डिक नॉयर' म्हणतात आणि बर्फ, अंधार, दारुडा इन्स्पेक्टर एवढ्यावर विषय मिटवतात. मीही तसाच होतो. लहानपणी बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार वाचलेला, त्यामुळे नायक रुबाबदार पाहिजे अशी सवय. इथे नायकाला बायको सोडून गेली आहे, जेवणाचं धड नाही, दारू पिऊन गाडी चालवताना त्याच्याच हाताखालचे पोलीस त्याला पकडतात आणि सोडून देतात. बाप चित्रकार, आयुष्यभर एकच निसर्गचित्र काढतो, कधी पक्षी घालून, कधी पक्ष्याशिवाय. पण हा उदासपणा नुसती सजावट नाही. ही परंपरा सुरू केली ती मय् खवाल आणि पेर वाल्यो या जोडप्याने, १९६५ ते १९७५ या दहा वर्षांत दहा पुस्तकं लिहून. दोघं पक्के डावे. खून हे निमित्त, खरा पंचनामा करायचा तो सगळ्यांना हेवा वाटणाऱ्या स्वीडिश कल्याणकारी राज्याचा, असा त्यांचा उघड हिशोब होता. त्यांच्या शेवटच्या पुस्तकात देशाच्या पंतप्रधानाचा गोळी घालून खून होतो. त्यानंतर अकरा वर्षांनी, २८ फेब्रुवारी १९८६ च्या रात्री, पंतप्रधान ओलोफ पाल्मे बायकोबरोबर सिनेमा बघून पायी घरी निघाले होते आणि स्टॉकहोमच्या भर रस्त्यात त्यांना मारलं गेलं.

तो तपास पण बघा. तपासाच्या प्रमुखाने जवळजवळ वर्षभर एकच धागा धरला, कुर्दांचा. जानेवारी १९८७ मध्ये मोठी धरपकड झाली, हाती काही लागलं नाही, लोकांना सोडावं लागलं, प्रमुखाला पद सोडावं लागलं. मग एका स्वीडिश माणसाला शिक्षा झाली, ती वरच्या कोर्टात टिकली नाही. २०२० मध्ये फाईल बंद केली तेव्हा ज्याच्याकडे बोट दाखवलं तो वीस वर्षांपूर्वीच वारलेला. पहिलं वर्ष हातातून गेलं ते गेलंच.

आता मित्राशी काय भांडण झालं ते सांगतो.

कादंबरीच्या शेवटी म्हाताऱ्या जोडप्याचे खुनी सापडतात, आणि ते परदेशीच असतात. म्हाताऱ्याने बँकेतून मोठी रक्कम काढली तेव्हा रांगेत उभ्या असलेल्या दोघांनी त्याला हेरलं होतं. बँकेतल्या मुलीच्या लक्षात राहतं की ते दोघं स्वतःचं काही काम न करताच निघून गेले. या साध्या आठवणीवर केस सुटते, पण कित्येक महिन्यांनी. मित्र म्हणाला, "मग झालं की! म्हातारी खरं बोलली, पेपरवाले खरं बोलले. तुझा वालांडर उगाच लपवत होता. हे तुम्हा लोकांचं नेहमीचंच, सत्य अडचणीचं असलं की झाकायचं."

मला पटकन उत्तर देता आलं नाही, हे कबूल करतो. कारण त्याच्या बोलण्यात दम आहे. स्वीडनमध्येच जानेवारी २०१६ मध्ये बाहेर आलं की स्टॉकहोमच्या एका युवा संगीत महोत्सवात २०१४ आणि २०१५ मध्ये मुलींची छेडछाड झाली होती, संशयितांत निर्वासित म्हणून आलेली बरीच पोरं होती, आणि पोलिसांनी ते लोकांना धड सांगितलंच नव्हतं. त्या मुलींना काय वाटलं असेल? त्या लपवण्याचं समर्थन मी करणार नाही. त्याने कोणाचंच भलं झालं नाही, निर्वासितांचं तर नाहीच. पोलीस आपल्यापासून काहीतरी दडवतात, हा संशय एकदा बसला की तो कोणत्याही अफवेला पुरतो.

पण लुन्नार्पची गोष्ट ती नाही. महोत्सवात घडून गेलेली गोष्ट होती आणि मुलींची तक्रार होती. लुन्नार्पमध्ये पहिल्या आठवड्यात हातात होता तो मरणाऱ्या बाईचा एक शब्द. पोलिसासाठी तो एक धागा, तपासून बघायचा. तोच शब्द पेपरात गेला की निकाल होतो. शेवटी तो शब्द बरोबर निघाला म्हणून पहिल्या आठवड्यात तो छापणं बरोबर ठरत नाही, कारण त्या दिवशी तो बरोबर आहे हे कोणालाच माहीत नव्हतं. आणि बरोबर निघाला म्हणून त्या सोमाली माणसाला काय मिळालं?

मँकेलचं मला इथे सगळ्यात जास्त कौतुक वाटतं. खुनी गावातलाच एखादा गोरा शेजारी दाखवला असता तर पुस्तक सोपं झालं असतं. आपण सगळ्यांनी माना डोलावल्या असत्या, 'बघा, उगाच संशय घेतला'. त्याने ती सोय ठेवली नाही. आणि वालांडरलाही स्वच्छ ठेवलं नाही. म्हाताऱ्याच्या गुप्त भानगडीमागे तो बराच वेळ घालवतो. दुसरीकडे स्वतःची मुलगी एका केनियन तरुणाबरोबर दिसते तेव्हा त्याच्या पोटात गोळा येतो. निर्वासित खात्याच्या ढिसाळपणावर तो चिडतोही, आणि ते चिडणं अगदीच चुकीचं नसतं.

आणि हे सगळं मला आत्ताच का टोचलं, तेही सांगून टाकतो. गेल्या वर्षी आमच्या सोसायटीत दोन फ्लॅट फुटले. दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रुपवर मेसेज आला, 'आतल्याच माणसाचं काम आहे, बाहेरगावच्या वॉचमनवर लक्ष ठेवा'. कोणी लिहिलं, कशावरून लिहिलं, काही पत्ता नाही. मी तो मेसेज शेजारच्या सोसायटीतल्या तिघांना पाठवला. काळजीपोटी, असं तेव्हा वाटलं. रात्रपाळीचा वॉचमन नेपाळकडचा होता. आठवड्याभरात तो काम सोडून गेला. मारहाण वगैरे काही झाली नाही, फक्त लोक त्याच्याशी बोलायचे बंद झाले आणि येता-जाता त्याची पिशवी बघायला लागले. चोर आजतागायत सापडलेला नाही. तो वॉचमनच होता का? असेलही. मला माहीत नाही, आणि मेसेज पुढे ढकलला तेव्हाही माहीत नव्हतं.

मित्राला हे सांगितलं तर म्हणतो, "तू जास्त विचार करतोस." असेल. त्याचं एक मात्र मान्य करतो, पोलिसांनी वेळेवर येऊन धड पंचनामा केला असता तर ग्रुपवर पंचनामा झाला नसता. वालांडरच्या ठाण्यातही माणसं कमीच होती, छावण्यांवर पहारा ठेवायलाही पुरत नव्हती.

पुस्तकाची माझी प्रत सध्या घरीच आहे, इंग्रजी अनुवाद. कोणाला हवी असेल तर इनबॉक्समध्ये सांगा. महिन्याभरात परत द्या, मागची दोन पुस्तकं अजून आलेली नाहीत.