सायकल आपलीच, रविवारही आपलाच

सायकल म्हटली की आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांना कामाची पाळी आठवते. नाशिकच्या त्र्यंबक रस्त्यावर सातपूरची औद्योगिक वसाहत उभी राहिली, तेव्हापासून कितीतरी वर्षे हा रस्ता सकाळच्या भोंग्याआधी सायकलींनी भरून जात असे. कॅरिअरला डबा, हँडलला पिशवी, पायात चप्पल. त्या सायकलीवर कुणी हौसेने बसत नव्हते. बसभाडे वाचवायचे, त्यातून पोरांची वह्या-पुस्तके आणायची, एवढाच तिचा हिशेब होता. पुढे चार पैसे हाती आले, दारात मोटारसायकल आली आणि काळी सायकल भंगारवाल्याकडे गेली. यात कुणाचा दोष नाही. कष्टाची खूण कुणाला दारात ठेवावीशी वाटेल?

आता त्याच रस्त्यावर रविवारी पहाटे वेगळेच सायकलस्वार दिसतात. डोक्याला हेल्मेट, बारीक चाकांची हलकी सायकल, सोबत चार मित्र. त्र्यंबकेश्वरपर्यंत जायचे, वाटेत एकमेकांचे फोटो काढायचे, चहा प्यायचा आणि परत यायचे. आपली मुले हे पाहतात आणि म्हणतात, "हे पैसेवाल्यांचे खूळ आहे." आम्हाला हे पटत नाही. जी वस्तू कष्टाच्या दिवशी आपली होती, ती सुट्टीच्या दिवशी परक्याची कशी झाली?

नाशिकने सायकलीत मोठे नाव कमावले आहे हे खरे. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ साली अमेरिका आडवी पार करणारी 'रेस अक्रॉस अमेरिका' ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत जोडीने नऊ दिवसांच्या आत पुरी केली. २०१७ साली सैन्यातले डॉक्टर लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुलनाथ यांनी तीच शर्यत एकट्याने बारा दिवसांच्या आत संपवली. त्यांचे कौतुक करावे तेवढे थोडे. पण त्यांच्यासारखी लाखाची सायकल घेतल्याशिवाय त्र्यंबकला जाता येत नाही, असे कुणी समजू नये.

रस्ता कसा आहे ते सांगतो. नाशिकच्या सीबीएसपासून त्र्यंबक अठ्ठावीस-तीस किलोमीटर. सातपूर मागे पडले की पिंपळगाव बहुला, बेळगाव ढगा, महिरावणी, मग अंजनेरी फाटा. त्र्यंबक नाशिकपेक्षा शंभरेक मीटर उंच आहे. चढ डोळ्यांना दिसत नाही, पण मांड्यांना कळतो. पावसाळ्यात पश्चिमेचा वारा जाताना तोंडावर येतो आणि येताना पाठीवर हात ठेवतो. म्हणून जाताना दोन-अडीच तास धरावेत. परतीला तेवढे लागत नाहीत. पाऊसही नाशिकच्या दुपटीहून जास्त असतो. शहरात ऊन असले तरी मोबाईलसाठी प्लास्टिकची पिशवी खिशात हवीच. कुणी त्र्यंबकला दर्शनाला जातो, कुणी ब्रह्मगिरी चढायला. सायकलवाल्याला वाट हेच कारण पुरते. डोंगर, वारा आणि गोदावरीचा उगम सर्वांचे आहेत.

घरातली साधी सायकलही चालते. मात्र आदल्या दिवशी तिची देखभाल करावी. दोन्ही चाकांत हवा भरावी, चेनला तेल द्यावे, ब्रेकचे रबर पाहावे. सीटची उंची नेमकी ठेवावी. पायडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच ठेवली तर पाय सरळ झाला पाहिजे. बहुतेकांची सीट फार खाली असते, म्हणून गुडघे दुखतात आणि दोष वयाला दिला जातो. सोबत एक जादा ट्यूब, छोटा पंप, पाणी आणि गूळ-शेंगदाणे घ्यावेत. मागे लाल दिवा आणि डोक्याला हेल्मेट हवे. या रस्त्यावर यात्रेच्या गाड्या फार असतात. पहाटे निघावे, एकामागे एक चालावे. बीपी, शुगर किंवा हृदयाचा त्रास असेल त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

आता फोटोविषयी. काहींना वाटेल, सायकल चालवा म्हणजे झाले, फोटो कशाला? यासाठी एक गोष्ट सांगावीशी वाटते. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलने जगाच्या फेरीवर निघाले. त्यातले अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघे फेरी पुरी करून मार्च १९२८ मध्ये परतले. प्रवास झाला सुमारे ४४ हजार मैलांचा, म्हणजे ७१ हजार किलोमीटरांचा. त्यांनी वाटेत फोटो जपले, १९३१ साली पुस्तक काढले, म्हणून शंभर वर्षांनीही लोक त्यांना ओळखतात.

वाचकहो, आता आपल्या घरचा हिशेब करू. घरापासून कारखाना आठ किलोमीटर धरा. जाऊन-येऊन सोळा. वर्षाचे तीनशे दिवस धरले तर ४,८०० किलोमीटर. म्हणजे महाजन बंधूंनी जोडीने पार केली तेवढी अमेरिका आपला कामगार दरवर्षी पार करत होता. तीस वर्षांच्या नोकरीचे झाले १ लाख ४४ हजार किलोमीटर. जगाच्या त्या फेरीच्या दुप्पट! आणि एवढे अंतर तोडणाऱ्या आपल्या बाबांचा सायकलीवरचा एक तरी फोटो घरात आहे का? बहुतेक घरांत नाही. लग्नातला एक फोटो असतो, ओळखपत्रावरचा एक असतो आणि शेवटी हार घालण्यासाठी त्यातलाच एक मोठा करून आणतात. हसतानाचा, वाऱ्यावर केस उडतानाचा फोटो नसतो. त्यांच्या वाट्याला आनंद आलाच नाही असे नाही. तो टिपणारे कुणी जवळ नव्हते.

म्हणून आम्ही फोटोचा आग्रह धरतो. कॅमेरा विकत घ्यायची गरज नाही, हातातला मोबाईल पुरे. मात्र चालत्या सायकलीवर मोबाईल हातात घेऊ नये. एकाने पुढे जावे, रस्त्याच्या कडेला, डांबर सोडून उभे राहावे आणि मागून येणाऱ्यांचा फोटो घ्यावा. पाळीपाळीने हे काम करावे, नाहीतर फोटो काढणाराच फोटोत राहत नाही.

उजेडाचे गणित सोपे आहे. सकाळी नाशिकहून जाताना सूर्य पाठीशी असतो. तेव्हा समोरच्या अंजनेरीवर छान ऊन पडते, पण मित्रांचे चेहरे सावलीत राहतात. परतताना ऊन तोंडावर येते. म्हणून जाताना डोंगराचे फोटो काढावेत, येताना माणसांचे. पांढऱ्या आभाळापुढे आपले सावळे चेहरे मोबाईल काळवंडून टाकतो. अशा वेळी पडद्यावर चेहऱ्याच्या जागी बोट टेकवावे, चेहरा उजळतो. गोरे करणारी सजावट मात्र वापरू नये. आपला रंग आहे तसाच फोटोत आला पाहिजे.

अंजनेरीचा डोंगर सुमारे ४,२०० फूट उंच. तिथल्या कड्यांवर गिधाडे असतात. ती मोबाईलमध्ये ठिपक्याएवढी दिसतील, त्यापेक्षा पाच मिनिटे नुसती पाहावीत. याच डोंगरावर सापडलेल्या एका फुलझाडाला शास्त्रज्ञांनी २००६ साली 'सेरोपेजिया अंजनेरिका' असे नाव दिले. फूल दिसले तर फोटो घ्यावा, तोडू नये. आणि भातलावणी करणाऱ्या आदिवासी आयाबहिणी दिसल्या तर आधी "ताई, फोटो काढू का?" असे विचारावे. त्या नाही म्हणाल्या तर मोबाईल खिशात ठेवावा. न विचारता कुणी आपल्याला पाहण्याची वस्तू केली तर कसे वाटते, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

या सहलीत मुली आणि सुना मागे राहू नयेत. तामिळनाडूतील पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला साक्षरतेच्या मोहिमेसोबत हजारो गरीब, कष्टकरी स्त्रिया सायकल शिकल्या. लोकांनी टोमणे मारले, त्या थांबल्या नाहीत. पाणी आणायला, बाजाराला, वर्गाला कुणाची वाट पाहायची गरज राहिली नाही. आपल्याकडे मुलगी शाळेपुरती सायकल चालवते आणि लग्न झाले की सायकल सुटते. रविवारी एक वेळचा स्वयंपाक घरातल्या पुरुषांनी केला तर वहिनीही अंजनेरी फाट्यापर्यंत येतील.

पहिल्याच वेळी तीस किलोमीटर जड वाटतील. त्यांनी आधी जवळची त्रिरश्मी लेणी गाठावी. शहरापासून मुंबई रस्त्याने आठेक किलोमीटर. सायकल पायथ्याला लावून पायऱ्या चढाव्यात. चोवीस लेण्यांपैकी दहाव्या लेण्यात उषवदाताचा शिलालेख आहे. भिक्खूंच्या चीवरासाठी आणि इतर खर्चासाठी दिलेले तीन हजार कार्षापण गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे व्याजाने ठेवल्याची त्यात नोंद आहे. दोन हजार वर्षांपूर्वी कष्टकऱ्यांच्या संघटनेवर लोक एवढा विश्वास टाकत होते. मुलांना त्या दारात उभे करून फोटो घ्यावा आणि हा हिशेब त्यांना समजावून सांगावा.

शेवटी एक विनंती. काढलेले सगळेच फोटो मोबाईलमध्ये ठेवू नका. मोबाईल बिघडतो, बदलतो आणि फोटो जातात. महिन्यातून दोन-तीन फोटो स्टुडिओत छापून घ्या. मागे पेनने तारीख, ठिकाण आणि सगळ्यांची पूर्ण नावे लिहा. आजोबा अजून हिंडते-फिरते असतील तर त्यांना घराबाहेर सायकल धरून उभे करा आणि पहिला फोटो त्यांचाच काढा. ते नको म्हणतील, लाजतील. तरीही काढा. रोज किती किलोमीटर जात होते तेही विचारा आणि तो आकडा फोटोमागे लिहून ठेवा.