सुरक्षित कॉइल कशी बनवायची, हे आम्ही का छापत नाही

वर्षावासात दर रविवारी आमच्या धामणगावच्या विहारात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन असते. वाचन आटोपले, खीरदान झाले, की मंडळी सतरंजीवरच बसून गप्पा करतात. अशाच एका रविवारी आयटीआयला इलेक्ट्रिशियनचा ट्रेड शिकणारा एक पोरगा आमच्याजवळ येऊन बसला. खिशातून त्याने काडेपेटी काढली. आत पेनातल्या स्प्रिंगसारखी दिसणारी, बारीक तारेची दोन वेटोळी होती.

“काकाजी, तुमी आरोग्याच्या पानावर दारू सोडा, खर्रा सोडा हेच छापता. हे सेफमंधी कसं बनवाचं, तेबी छापा ना एखांद्या वेळी. पोरं तं बनवूनच रायले.”

ती वेटोळी व्हेपची होती. व्हेप म्हणजे ई-सिगारेट. नागपूर-पुण्याला शिकायला गेलेली पोरे सुटीत येताना ते यंत्र खिशात घालून येतात. त्यातली कॉइल जळली की नवी मिळत नाही, मिळाली तर महाग पडते. मग तार आणून घरीच वेटोळे करायचे. ज्याच्या हातात पक्कड आणि मल्टिमीटर आहे त्याच्याकडे बाकीचे येतात, आणि आमच्या वस्तीत पक्कड-मल्टिमीटर पुष्कळ पोरांच्या हातात आहे.

पोराची मागणी हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. हे पान चालवणाऱ्या आमच्यातच त्यावरून दोन रविवार वाद झाला. एकाचे म्हणणे, असला विषय छापलाच तर ज्यांना ठाऊक नाही त्यांनाही ठाऊक होईल. दुसऱ्याचे म्हणणे, पोरगा लपवाछपवी न करता विचारायला आला, त्याला ‘हे वाईट आहे’ एवढेच सांगून परत पाठवले तर तो पुन्हा आमच्याकडे येणार नाही, मोबाईलवरच्या एखाद्या अनोळखी माणसाकडे जाईल. शेवटी ठरले ते असे: कॉइल कशी करायची ते छापायचे नाही. पण का छापत नाही, हे त्या पोराला पटेल अशा त्याच्याच ट्रेडच्या भाषेत छापायचे.

आधी यंत्र समजून घेऊ. बॅटरीचा सेल, त्याला जोडलेले तारेचे वेटोळे आणि वेटोळ्यातून ओवलेली कापसाची वात. (वातीतला कापूस पाहून आमच्यातल्या एका शेतकऱ्याने विचारले, “हा कोन्त्या जिनिंगचा?”) वात एका द्रवात भिजते. त्या द्रवात ग्लिसरीन, प्रॉपिलीन ग्लायकॉल, वासाचा अर्क आणि बहुतेक वेळा निकोटीन असते. बटण दाबले की तार तापते, द्रवाचे वाफाळ धुके होते आणि ते ओढायचे. तंबाखू जळत नाही, म्हणून धूर नाही, राख नाही, आईला वास येत नाही.

आता पोराचा प्रश्न: सेफ कशी? त्याचे उत्तर त्याने स्वतःच वहीत लिहून आणले होते. पूर्ण चार्ज झालेला लिथियम सेल ४.२ व्होल्ट. कॉइलचा रोध ०.५ ओहम. ओहमच्या नियमाने प्रवाह ८.४ अँपिअर. सेल १० अँपिअरचा, म्हणजे काम सुरक्षित. गणित बरोबर होते आणि आमच्यातल्या निवृत्त वायरमनने त्याची पाठही थोपटली. मग त्यांनी त्याच्याच मल्टिमीटरच्या दोन्ही वायरींची टोके एकमेकांना टेकवायला सांगितली. मध्ये काही नाही, तारेला तार. मीटरने शून्य दाखवायला हवे होते. दाखवले ०.३.

स्वस्त मीटरच्या वायरींना आणि टोकांना स्वतःचा रोध असतो. एरवी घरच्या वायरिंगमध्ये त्याने काही बिघडत नाही. इथे मात्र सगळा खेळच अर्ध्या ओहमच्या आत चाललेला. मीटरने ०.५ दाखवले, त्यातले ०.३ मीटरचे स्वतःचे. कॉइल उरली ०.२ ओहम. ४.२ भागिले ०.२ म्हणजे २१ अँपिअर. दहाच्या सेलमधून एकवीस. पोरगा ज्याला सुरक्षित म्हणत होता त्यात दुपटीहून जास्त प्रवाह वाहणार होता, आणि वेटोळ्याचा एखादा फेरा दुसऱ्याला किंवा यंत्राच्या धातूला टेकला तर हिशेबाला अर्थच उरत नाही, तो थेट शॉर्ट सर्किट.

बाजारातल्या चांगल्या यंत्रात रोध मोजून प्रवाह तोडणारे सर्किट असते. पण पोरे जी नुसती धातूची नळी आणि बटण असलेली यंत्रे वापरतात, त्यात मध्ये काहीच नसते. सेलही कुठला, तर जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतून किंवा पॉवर बँकेतून काढलेला. तो किती अँपिअर झेपवतो हे त्यावर लिहिलेले नसते, आणि लिहिले असले तरी पाच वर्षे वापरलेल्या सेलला ते लागू नाही. असा सेल आतून तापायला लागला की उष्णतेने रासायनिक क्रिया वाढते, तिने आणखी उष्णता होते, आणि मग तो बटण सोडल्याने थांबत नाही. बंद नळीत कोंडलेला वायू नळीच फोडतो. अमेरिकेत २०१८ साली फ्लोरिडात आणि २०१९ साली टेक्सासमध्ये एकेक तरुण अशा स्फोटाने मेला. यंत्र तोंडाजवळ धरलेले असते, हे वेगळे सांगायला नको.

समजा, मीटर उत्तम आणला, सेल नवा घेतला, वेटोळे काटेकोर झाले. इथपर्यंत पोरगा बिजलीपासून वाचला. फुप्फुसापासून वाचला का? तारेत निकेल, क्रोमियम असते. तापलेल्या कॉइलमधून हे धातू धुक्यात उतरतात, असे अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये प्रत्यक्ष यंत्रे तपासून दाखवले, आणि ती यंत्रे रोजच्या वापरातली होती. आमच्याकडे तार येते ती जुन्या हीटरमधून, इस्त्रीमधून. तिच्यावर कसला थर आहे, कोण सांगणार? सांधा शिशाच्या सोल्डरने केला तर शिसेही आत जाणार. वात कोरडी पडली आणि तार जास्त तापली की ग्लिसरीन फुटून फॉर्माल्डिहाईड आणि अॅक्रोलिन तयार होते. पोरे त्याला ‘जळका कश’ म्हणतात आणि हसतात.

द्रवाचे तर विचारूच नका. २०१९ मध्ये अमेरिकेत व्हेपमुळे फुप्फुसे निकामी होण्याची साथ आली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ जण रुग्णालयात गेले किंवा दगावले, त्यातले ६८ मृत. प्रामाणिकपणे सांगायचे तर दोष मुख्यतः साध्या निकोटीनच्या द्रवाचा नव्हता, गांजाच्या अर्कात मिसळलेल्या व्हिटॅमिन ई अॅसिटेट या तेलकट पदार्थाचा होता. पण तो माल बहुतेक आला होता दोस्ताकडून, ओळखीच्या विक्रेत्याकडून. आमच्या पोरांकडे येणारा सगळाच माल तसा आहे. शिवाय ती गोड वासाची रंगीत बाटली घरातल्या लहान पोराने तोंडाला लावली, तर थोड्या घोटातही जिवावर बेतू शकते. तसे झाले तर घरगुती उपाय करत बसू नका, बाटलीसकट दवाखान्यात न्या.

पोराने एक चांगला मुद्दा काढला होता, तो टाळून चालणार नाही. “इंग्लंडात तं डाक्टरच म्हन्ते, सिगारेट सोडाची असन तं व्हेप घ्या.” खरे आहे. तिथली सरकारी आरोग्यसेवा सिगारेट ओढणाऱ्या प्रौढाला तसे सांगते, कारण जळत्या सिगारेटपेक्षा व्हेपचे नुकसान कमी. पण तिथे द्रवातल्या निकोटीनला मिलिलिटरला २० मिलिग्रॅमची मर्यादा आहे, यंत्राची नोंदणी आहे, आणि एकदा वापरून फेकायच्या व्हेपवर त्यांनीही जून २०२५ पासून बंदी आणली. त्याहून मोठी गोष्ट अशी की सल्ला सिगारेट सोडणाऱ्यासाठी आहे. आमच्याकडे सिगारेट ओढते कोण? २०१६-१७ च्या प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रात धूम्रपान करणारे होते ३.८ टक्के, आणि तंबाखू चघळणारे-खाणारे २४.४ टक्के. चौघांत एक. वऱ्हाडात तो चघळणारा म्हणजे खर्रेवाला. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीवर घोटायचा आणि गालात धरायचा. त्यातली सुपारीदेखील कर्करोगकारक आहे, नुसती तंबाखू नव्हे. व्हेपने खर्रा सुटत नाही. आम्ही पाहतो तो पोरगा दोन्ही करतो, स्टेशनवर खर्रा आणि गच्चीवर व्हेप.

कायद्याचे बोलू, कारण इथे आमच्या पोरांचे खरे नुकसान आहे. केंद्र सरकारने १८ सप्टेंबर २०१९ ला अध्यादेश काढला आणि त्याच वर्षी डिसेंबरात ई-सिगारेट बंदीचा कायदा झाला. त्यात नुसती विक्री नाही, बनवणे, वाहतूक, वाटप, साठा आणि जाहिरातही आली. यंत्र पूर्ण असो की त्याचा एखादा भाग. म्हणजे दोस्तांसाठी काडेपेटीत कॉइल करून ठेवणारा पोरगा कायद्याच्या भाषेत उत्पादक ठरू शकतो. पहिल्यांदा एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही; पुन्हा सापडला तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड.

या कायद्यावर आमचा राग आहे, तोही सांगून टाकतो. ज्या देशात सरकारी आयुर्विमा महामंडळाचे सिगारेट कंपनीत शेअर आहेत, सिगारेट प्रत्येक चौकात मिळते, ज्या राज्यात २०१२ पासून गुटखाबंदी असून पुड्या कुठे मिळतात ते शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, तिथे फक्त व्हेपवाल्याला कैद दाखवणे हा न्याय आम्हाला लंगडा वाटतो. पण लंगडा असला तरी तो कोणाच्या अंगावर पडेल? महागडे यंत्र विकत घेणारा बड्या घरचा पोरगा वडिलांच्या ओळखीवर सुटेल. वस्तीतल्या पोरावर गुन्हा दाखल झाला की रेल्वे, पोलीस, सैन्य, कुठल्याही भरतीत चारित्र्य पडताळणीला तो आडवा येतो. घरात पहिल्यांदा कोणी सरकारी नोकरीच्या यादीपर्यंत पोहोचलेला असतो, आणि कारण काय, तर बारीक तारेचे वेटोळे.

आणखी एक गोष्ट त्या पोराने अगदी मनापासून विचारली. “पाचव्या शीलात दारू हाये. व्हेप कोठी हाये?” शब्द पकडून पाहिला तर नाही. तसा तर खर्राही नाही, म्हणूनच पंचशील घेऊन विहाराबाहेर पडता पडता पन्नी सोडणारे उपासक आम्हाला दिसतात. पण ते शील घेतो ते कशासाठी, तर भान सुटू नये, मन दुसऱ्या वस्तूच्या ताब्यात जाऊ नये. वर्गात बसल्या बसल्या ज्याचा हात दर तासाला खिशाकडे जातो, त्याने स्वतःच ठरवावे. कालामांना तथागतांनी सांगितले ते पोरांना फार आवडते: कोणी सांगितले म्हणून मानू नका. त्याच उपदेशाचा पुढचा भाग कोणी म्हणत नाही. स्वतः तपासून जे अहिताचे ठरेल ते सोडून द्या, असे तिथे आहे. मीटरची टोके टेकवून त्या दिवशी आम्ही तपासले ते हेच.

ज्यांच्याकडे यंत्र आहेच त्यांना चार गोष्टी सांगतो, कारण बोट भाजल्यावर सांगण्यात अर्थ नाही. आवरण फाटलेला सेल वापरू नका. सुटा सेल किल्ल्या-चिल्लरसोबत खिशात ठेवू नका. रात्री उशाशी चार्जिंगला लावून झोपू नका. फुगलेला सेल कचऱ्याच्या ढिगात टाकून पेटवू नका. आणि सोडायचे असेल, व्हेप असो की खर्रा, तर १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय तंबाखूमुक्ती सेवेचा फोन मोफत आहे. जिल्हा रुग्णालयात तंबाखू सोडवण्याचे समुपदेशन मिळते. निकोटीनचे च्युइंगम औषधाच्या दुकानात मिळते, मात्र ते गोळीसारखे गिळायचे नाही आणि सतत चघळायचेही नाही. थोडे चावून गालात धरायचे. किती आणि किती दिवस, हे डॉक्टरांना विचारून. पहिले काही दिवस चिडचिड होईल, डोके दुखेल, झोप येणार नाही. घरच्यांनी त्या दिवसांत पोराशी भांडू नये.

हे सगळे बोलून झाल्यावर पोराने वायरमन काकाजींकडे वळून विचारले, “आन् तुमचा खर्रा?” आमच्यातल्या नर्सबाईंनी तेवढ्यात दोघांनाही आपली तीन बोटे उभी करून दातांमध्ये घालायला सांगितली. तोंड नीट उघडते का, हे पाहायची साधी रीत आहे ती. पोराची तीन गेली. काकाजींची दोनच गेली, तिसरे बोट ओठाशी अडले. गालाच्या आतले कातडे आखडून तोंड उघडणे कमी होत जाते, आणि असे तोंड कर्करोगासाठी वेळोवेळी तपासावे लागते.

काकाजी काही बोलले नाहीत. सोमवारी सकाळच्या गाडीने ते अमरावतीला दंतवैद्याकडे जाणार आहेत, आणि रस्ता दाखवायला म्हणून तो पोरगा सोबत जातो आहे. कॉइलची काडेपेटी सध्या विहाराच्या कपाटात, इन्व्हर्टरच्या चाव्यांशेजारी आहे.