नकाराची किंमत : वीस टक्के

अमेरिकेतील आर्कान्सा राज्यात ‘आर्कान्सा टाइम्स’ हे नियतकालिक निघते. या नियतकालिकाने इस्रायलवर कधीही बहिष्कार पुकारला नव्हता. तरीही २०१८ साली एका सरकारी महाविद्यालयाने जाहिरातींचा करार पुढे चालू ठेवण्यासाठी त्याच्याकडे लेखी हमी मागितली : आम्ही इस्रायलवर बहिष्कार टाकलेला नाही आणि करार असेपर्यंत टाकणार नाही. राज्याच्या २०१७ च्या कायद्यानुसार एक हजार डॉलर वा त्याहून मोठ्या सरकारी करारांसाठी ही हमी आवश्यक होती. ती द्यायची नसेल, तर मोबदल्यात वीस टक्के कपात सोसायची. प्रकाशक ॲलन लेव्हरिट यांनी दोन्ही नाकारून न्यायालय गाठले. जून २०२२ मध्ये आठव्या परिमंडळाच्या अपील न्यायालयाच्या पूर्णपीठाने त्यांच्याविरुद्ध निकाल दिला आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांचे अपील ऐकण्यास नकार दिला.

अमेरिकेतील तीसहून अधिक राज्यांनी अशा स्वरूपाचे कायदे वा आदेश काढले आहेत. आपण साहित्य शिकणारी-शिकवणारी माणसे. या परक्या कायद्यांशी आपला काय संबंध, असा प्रश्न कोणी विचारील. संबंध आहे, कारण त्या निकालाचा पाया वाचनाच्या एका सिद्धान्तावर उभा आहे आणि तो सिद्धान्त चुकीचा आहे.

न्यायालयाचे म्हणणे थोडक्यात असे : एखादी वस्तू विकत न घेणे ही केवळ आर्थिक वर्तणूक होय. ती पाहणाऱ्याला तिच्यातून काहीच कळत नाही. ग्राहकाने स्वतः कारण सांगितले, तरच कळते. म्हणून बहिष्काराचे समर्थन करणारे भाषण संरक्षित, पण प्रत्यक्ष बहिष्कार असंरक्षित.

उपोषणाला बसलेला माणूस आणि भूक नसलेला माणूस बाहेरून सारखेच दिसतात. म्हणून उपोषण ही निव्वळ आहारविषयक बाब आहे, असे म्हणण्याचे धाडस निदान या देशात तरी कोणी करणार नाही. कृतीचा अर्थ तिच्या संदर्भाने सिद्ध होतो, हे आपण पदवीच्या पहिल्या वर्षाला शिकवतो. संदर्भ शब्दांनी पुरवावा लागतो म्हणून कृती निरर्थक ठरत असेल, तर शब्दही निरर्थकच ठरतील. कारण त्यांनाही संदर्भ लागतोच.

गंमत अशी, की खुद्द कायद्याला हा अर्थ उत्तम वाचता येतो. इस्रायली माल महाग पडतो म्हणून तो न घेणाऱ्या व्यापाऱ्याला हा कायदा हात लावत नाही. त्या देशाशी व्यवहार मर्यादित करण्याचा हेतू असेल, तरच तो लागू होतो. म्हणजे दंड करताना शासन नकाराचा राजकीय अर्थ अचूक ओळखते, आणि संरक्षण मागायला गेल्यावर न्यायालय म्हणते की नकाराला अर्थच नसतो. एकाच संहितेचे हे दोन परस्परविरोधी अर्थ सोयीनुसार वापरले जात आहेत.

याच देशाचा आधीचा निवाडा वेगळा होता. मिसिसिपीतील पोर्ट गिब्सन येथे १९६६ साली कृष्णवर्णीयांनी गोऱ्या दुकानदारांवर बहिष्कार टाकला. दुकानदारांनी दावा लावला आणि खालच्या न्यायालयाने साडेबारा लाख डॉलरची भरपाई मंजूर केली. १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द ठरवून अशा अहिंसक राजकीय बहिष्काराला राज्यघटनेचे संरक्षण दिले. आठव्या परिमंडळाने त्या निकालाचा अर्थ सभा, भाषणे आणि निदर्शने एवढ्यापुरता आक्रसून घेतला. बहिष्कारातून बहिष्कारच वजा केला, तर मग उरले काय?

मराठी वाचकाला हा खेळ अपरिचित असू नये. १९०६ च्या कलकत्ता काँग्रेसनंतर टिळकांनी ज्या चतुःसूत्रीचा प्रचार केला, तिच्यातील एक सूत्र बहिष्काराचे होते. परदेशी कापडाची मालमोटार अडवताना १२ डिसेंबर १९३० रोजी बाबू गेनू मुंबईत मरण पावले. जानेवारी १९३२ मध्ये ब्रिटिश सरकारने जे वटहुकूम काढले, त्यांतील एकाच्या नावातच ‘मॉलेस्टेशन’ आणि ‘बॉयकॉटिंग’ हे शब्द शेजारी बसवलेले होते. छळ आणि नकार एकाच दोरीने बांधले, की नकार करणारा आपोआप गुन्हेगार दिसू लागतो.

येथे प्रतिपक्षाचा सर्वांत बळकट आक्षेप टाळून चालणार नाही. बहिष्कार हे नेहमीच दुर्बळाचे शस्त्र नसते. १ एप्रिल १९३३ रोजी नाझींनी ज्यू दुकानांवर बहिष्कार घडवून आणला. ज्यू समाजाच्या स्मृतीत तो शब्द त्या दिवसासह येतो. आपल्याकडेही ‘बहिष्कृत भारत’ हे नाव डॉ. आंबेडकरांनी आपल्या पाक्षिकाला १९२७ साली उगाच दिले नव्हते. जातपंचायतींच्या जाचाविरुद्ध महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा केला, तो योग्यच केला. मग या कायद्याला पाठिंबा द्यायचा आणि आर्कान्साच्या कायद्याला विरोध करायचा, ही विसंगती नव्हे काय?

नव्हे. जातपंचायत माणसाला वाळीत टाकते, त्याचे पाणी आणि मर्तिकाचा खांदाही तोडते. तो कोण आहे, कोणाशी लग्न करतो, यासाठी. १९३३ चा बहिष्कार माणसाच्या जन्मावर होता. राज्यसंस्थेच्या धोरणाविरुद्ध व्यक्तीने आपला पैसा रोखून धरणे ही निराळी कृती आहे. ही सीमारेषा चळवळीतले काही लोक ओलांडतात, हे मान्य करावे; ज्यूद्वेष खरा आहे, आणि ज्यू म्हणून कोणाला नाकारणाऱ्यासाठी भेदभावविरोधी कायदे आहेत. परकीय राज्याच्या धोरणाला तेच कवच देता येणार नाही. १९७७ च्या अमेरिकी कायद्याचा दाखलाही येथे लागू पडत नाही : परकीय सरकारांनी लादलेल्या बहिष्कारात अमेरिकी कंपन्यांनी सामील होऊ नये, हा त्याचा रोख होता. नागरिकाच्या स्वतःच्या सदसद्विवेकाला तो हमीपत्र मागत नव्हता.

मला स्वतःला विद्यापीठांवरील आणि ग्रंथांवरील बहिष्कार पटत नाही. अनुवाद थांबवल्याने कोणाचे डोळे उघडतात, असा माझा अनुभव नाही. पण मला न पटणाऱ्या नकाराची शिक्षा सरकारने द्यावी, हे त्याहून अधिक पटत नाही. २०१९ मध्ये जर्मनीतील डॉर्टमुंड शहराचा नेली झाक्स पुरस्कार कादंबरीकार कमिला शम्सी यांना जाहीर झाला आणि त्या इस्रायलवरील बहिष्काराच्या समर्थक असल्याचे समजताच काही दिवसांत काढून घेतला गेला. त्यांच्या कादंबऱ्यांत त्या काळात एकही ओळ बदललेली नव्हती. बहिष्काराला असहिष्णु म्हणणाऱ्यांनी लेखिकेवरच बहिष्कार टाकला, एवढेच.

दिलासा देणारे निकालही आहेत. फ्रान्समध्ये इस्रायली माल घेऊ नका, असे आवाहन केल्याबद्दल शिक्षा झालेल्या कार्यकर्त्यांच्या बाजूने युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने जून २०२० मध्ये कौल दिला. कॅन्ससमधील एका गणिताच्या शिक्षिकेने अशा हमीवर सही नाकारली, तेव्हा २०१८ मध्ये न्यायालयाने कायद्याला स्थगिती दिली आणि पुढे राज्याने तो एकट्यादुकट्या कंत्राटदाराला लागू होणार नाही असा बदलला. पण टेक्सासची गोष्ट शिकण्यासारखी आहे. २०१७ च्या वादळानंतर तेथील डिकिन्सन गावात घरदुरुस्तीचे अनुदान मागणाऱ्या अर्जातही ही हमी घातली गेली होती. टीकेनंतर हा कायदा आक्रसला. पण त्याच राज्याने २०२१ मध्ये तोच साचा वापरून खनिज इंधन कंपन्यांवर बहिष्कार टाकणाऱ्यांना सरकारी कंत्राटांतून वगळणारा कायदा केला. साचा एकदा तयार झाला, की त्यात कोणत्याही देवाची मूर्ती ओतता येते.

म्हणून प्रश्न इस्रायल चांगले की वाईट, हा नाही. त्यावर भांडायला आपण मोकळे असावे, याचाच हा प्रश्न आहे. लेव्हरिट यांना कोणावरही बहिष्कार टाकायचा नव्हता. आपण काय करणार नाही, हे सरकारला लिहून द्यायचे नव्हते. उद्या मानधनाच्या पावतीसोबत असाच एखादा कागद आपल्यापुढे सरकवला जाईल, तेव्हा वीस टक्क्यांचा हिशेब करण्याआधी तो नीट वाचावा. वाचन हा आपला व्यवसाय आहे.